सरावासाठी घेतलेला माणूस

माझं काम नेमकं काय आहे, हे मला कधीच कुणाला धड सांगता आलं नाही. सांगलीत आई शेजारणींना सांगते, "मोठ्या कंपनीत मानसशास्त्रज्ञ आहे," आणि शेजारणी त्यांच्या सुनांच्या डोकेदुखीवर माझा सल्ला मागतात. खरं काम साधं आहे. अमेरिकेत, बेलव्ह्यू शहरातल्या एका मोठ्या कंपनीत आमची सहा-सात जणांची टीम आहे. लोक नोकरीत का टिकतात, का कंटाळतात, मॅनेजर त्यांच्याशी कसं बोलतात, याचा आम्ही अभ्यास करतो. मुलाखती घेतो, त्या पुन्हा पुन्हा वाचतो, आणि त्यातून जे हाती लागेल त्यावर नव्या मॅनेजरचं ट्रेनिंग बेतलं जातं.

दादा त्याच कंपनीत होते, पण दुसऱ्या विभागात, सॉफ्टवेअर टेस्टिंगला. ते माझे सख्खे भाऊ नव्हेत. मूळचे अकोल्याचे, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मी आणि माझा नवरा या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो त्या दिवशी सोफा जिन्यात अडकला होता, तेव्हा ते खालून वर आले आणि "ठीक, ठीक, आधी पाय काढा त्याचे" म्हणाले. तेव्हापासून मी त्यांना दादा म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला वहिनी. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, जी इथेच जन्मली, ती मला आत्या म्हणू लागली. आम्हाला मूल नाही. ती शाळेतून आली की कधी खाली जायची, कधी वर यायची, कुठे भाजी बरी आहे ते बघून.

सकाळी दादा आणि मी एकाच बसने ऑफिसला जायचो. वीस मिनिटांचा रस्ता. ते बॅग मांडीवर घेऊन, तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसायचे, जणू कुणी ती ओढून नेईल. मला डॉक्टरीणबाई म्हणायचे.

"काय डॉक्टरीणबाई, आज कोणाची नाडी बघणार?"

"तुमच्या मॅनेजरची."

"बघ बापा, लागते का ते."

त्या काळात मी एका अभ्यासावर होते. नोकरी गेलेल्या माणसांना ती बातमी कशी सांगितली गेली, हा विषय. मी पुष्कळ लोकांशी बोलले. बहुतेकांनी एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत केली, की मॅनेजर बोलतच राहिला. स्वतःला किती वाईट वाटतंय ते सांगत राहिला, बाजार कसा आहे ते सांगत राहिला, आणि मला काही ऐकूच येत नव्हतं. एक बाई म्हणाली होती, तो जरा गप्प बसला असता तर मला निदान कळलं असतं की माझ्या बाबतीत काय झालंय.

त्यावरून मी सल्ला दिला. बातमी दोन साध्या वाक्यांत सांगा आणि मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. समोरच्याला ती दहा सेकंदं त्याची म्हणून द्या. माझ्या बॉसबाईंना हे फार आवडलं. त्यांनी त्यावर ट्रेनिंग तयार करायला सांगितलं, आणि सरावासाठी एक केस मागितली, म्हणजे एक काल्पनिक कर्मचारी. एक ॲक्टर तो कर्मचारी होणार आणि मॅनेजर त्याला कामावरून काढण्याचा सराव करणार.

आधीच्या केसमधली माणसं इतकी खोटी वाटायची की मॅनेजर लोक हसायचे. बॉसबाई म्हणाल्या, "या वेळी खरा वाटणारा माणूस हवा."

मी तो माणूस एका सकाळी, बसमधून उतरल्याबरोबर, एका बैठकीत लिहिला. वय बावन्न. टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं. बायको घरी, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाकडे निघालेली. व्हिसावर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. प्रत्येक वाक्याआधी 'फाइन, फाइन' म्हणतो. कागदी नॅपकिन हातात आला की त्याच्या चार घड्या करतो. कुणी ओळखू नये म्हणून मी देश बदलला, पूर्व युरोपातला केला. बाकी काही बदलायची गरज वाटली नाही. लिहिताना मला मजा येत होती, हे कबूल करायला हवं.

ॲक्टर साठीतला होता, नाटकात काम केलेला, उंच आणि सडपातळ. केस वाचून त्याने मला विचारलं, "हा माणूस बसतो कसा?"

मी माझी बॅग मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्याला दाखवलं. त्याने लगेच उचललं.

पुढचे कित्येक महिने आमच्या ट्रेनिंग रूममध्ये तो माणूस नोकरीवरून काढला जात राहिला. एका दिवसात पाच-सहा वेळा. काचेपलीकडे बसून मी टिपणं घ्यायचे. मॅनेजर दोन वाक्यं म्हणायचा, गप्प बसायचा, आणि ॲक्टर बॅगेवर हात ठेवून खाली बघत राहायचा. मग म्हणायचा, "फाइन, फाइन. पण माझ्या टेस्ट आता कोण बघणार?" हा प्रश्न मी लिहिलेला होता. एका तरुण मॅनेजर मुलीला तो ऐकून रडू आलं. बॉसबाई मला म्हणाल्या, काम उत्तम झालंय.

संध्याकाळी मी बसमध्ये चढले की दादा आधीच बसलेले असायचे, मांडीवर बॅग. मला बघून सरकायचे. पहिले काही दिवस मला गंमत वाटली. मग एकदा त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि रुमालाच्या चार घड्या केल्या. दुपारी तेच हात मी पाच वेळा पाहिले होते. मी खिडकीबाहेर बघू लागले. त्यानंतर मी अधूनमधून उशिराची बस घ्यायला लागले. नवऱ्याला म्हटलं, मीटिंगा वाढल्यात.

जानेवारीत कंपनीने माणसं कमी केली. यादी कुणी बनवली, त्यात कोण आहे, हे आमच्या टीमला माहीत नव्हतं. हे मी पुढे अनेकांना सांगितलं आणि ते खरं आहे. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. अकराच्या सुमारास वहिनींचा मेसेज आला, ऑफिसमधून येताना घरी ये. बाकी काही नाही.

मी दुपारीच गेले. दादा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, अंगात ऑफिसचे कपडे, पायात मोजे. वहिनी चहा करत होत्या. मी काय बोलले ते आठवत नाही. दादाच बोलत होते, आणि शांतपणे, जणू बसमध्ये कुणाची तरी हकीकत सांगताहेत.

"माझी मॅनेजर चांगली मुलगी आहे. तिने मला छोट्या खोलीत बोलावलं. टेबलावर टिश्यूचा डबा होता. मी म्हटलं, सर्दीबिर्दी झाली असेल हिला."

वहिनींनी कप ठेवले.

"मग तिने सांगितलं. दोन वाक्यं. मला वाटलं आता पुढं काही बोलेल. तर गप्प. माझ्याकडे बघते आहे आणि गप्प. आणि तिचे ओठ हलत होते."

"ओठ?" वहिनी म्हणाल्या.

"अगदी बारीक. मला आधी वाटलं, देवाचं नाव घेते आहे माझ्यासाठी. मग लक्षात आलं, मोजते आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "सहा, सात, आठ. मग मी पण मोजायला लागलो. ती दहाला थांबली आणि बोलायला लागली. मी आपला मनात अकरा म्हणून गेलो, बारा म्हणून गेलो. ती काय बोलली ते ऐकायचंच राहिलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. कसं विचारलं, आजही कळत नाही.

"काही नाही. थँक यू म्हटलं आणि उठलो. काय म्हणणार?"

टेस्टचा विषयसुद्धा त्यांनी काढला नव्हता. मी त्यांच्या तोंडी घातलेलं एकही वाक्य ते बोलले नव्हते. वहिनींनी माझ्यासमोर बिस्किटं ठेवली आणि मी ती खाल्ली.

त्यानंतर साठ दिवस. ज्यांचं इथलं राहणं नोकरीवर टांगलेलं असतं त्यांना साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधावी लागते, नाहीतर सामान आवरावं लागतं. आमचं ग्रीन कार्ड संशोधकांच्या वेगळ्या रांगेतून आधीच झालं होतं. ज्या अभ्यासांसाठी ते मिळालं, त्यातला एक माणसांनी नोकरी गेल्यावर काय केलं याबद्दलचा होता. दादा मात्र मुलगी रांगायला लागल्यापासून एकाच रांगेत उभे होते.

त्यांनी रेडमंडमध्ये विचारलं, सांता क्लाराला विचारलं, टेक्सासातल्या मावसभावाकडे विचारलं. टेस्टिंगची कामं आता यंत्रंच करतात, असं सगळीकडून ऐकायला मिळालं. मार्चच्या मध्यावर ठरलं की दादा-वहिनी परत जाणार. मुलीची शाळा जूनमध्ये संपणार होती, पुढे कॉलेजला प्रवेश मिळालेला होता. ती इथली नागरिक, तिला कुणी जा म्हणणार नव्हतं. वहिनी वर आल्या, सोफ्याच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "कॉलेज सुरू होईपर्यंत ठेवून घेशील का तिला? दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही."

मी हो म्हटलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण वहिनी रडत होत्या आणि मला वाटलं, आता सांगणं म्हणजे त्यांना आणखी एक ओझं देणं. सोयीचं कारण होतं.

मुलगी आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. सकाळी टोस्ट खाताना ती कागदी नॅपकिनच्या घड्या करायची. मी कागदी नॅपकिन आणणं बंद केलं आणि कापडी आणले. तिने त्यांच्याही घड्या केल्या. ट्रेनिंग रूमवरून जायची माझी वाट होती ती मी बदलली, दुसऱ्या जिन्याने जाऊ लागले. पण कॅफेटेरियात रांगेत उभी असताना मागून कुणी 'फाइन, फाइन' म्हणालं की मी वळायचे. मागे कुणीही अनोळखी माणूस असायचा. मुलाखती घेताना, समोरची व्यक्ती विचार करत थांबली की माझ्या डोक्यात आकडे सुरू व्हायचे. बोटं टेबलावर आपटून मी ते थांबवायचे.

एप्रिलमध्ये आमच्या टीमने जानेवारीत काढलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. मी बॉसबाईंना सांगितलं की त्यातले एक जण माझ्या ओळखीचे आहेत, तेव्हा मला यातून बाहेर ठेवा. त्यांनी ठेवलं. पण निष्कर्ष सादर झाले तेव्हा मला खोलीत बसावंच लागलं. पडद्यावर काही लोकांची वाक्यं होती, नावं काढून. तिसरं वाक्य होतं, "फाइन, फाइन. ती माझ्याशी आदराने वागली. तिने मला वेळ दिला."

बॉसबाई माझ्याकडे बघून हसल्या. हे माझ्या कामाचं यश होतं. दादांनी अकोल्याहून फोनवर हे सांगितलं असणार. त्यांना कुणाबद्दल वाईट बोलायचं नव्हतं, त्या मॅनेजर मुलीची नोकरी धोक्यात यायला नको, म्हणून. मोजण्याचं त्यांनी माझ्या सहकाऱ्याला सांगितलं नाही. ते फक्त स्वयंपाकघरात सांगितलं, मला.

मी हात वर केला. म्हटलं, "मॅनेजर मोजताना दिसतात, असं मला एकाने सांगितलंय."

"हे डेटामध्ये आहे का?" बॉसबाईंनी विचारलं, अगदी सरळपणे.

मी नाही म्हटलं.

मे महिन्यात मुलीला गाडी शिकायची होती. शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसचं पार्किंग रिकामं असतं, म्हणून मी तिला तिथे घेऊन जायचे. ती बरी चालवायची, फक्त वळताना फार जपून. एकदा गोल फिरता फिरता तिने विचारलं, "आत्या, व्हिच वन वॉज बाबाज बिल्डिंग?"

"ती, पलीकडची."

"अँड युवर्स?"

"ही."

तिने एक फेरी पूर्ण केली. मग समोर बघतच म्हणाली, "डिड यू नो? बिफोर?"

"नाही. यादी मला माहीत नव्हती."

"ओके." तिला ते पटलं होतं, आणि मला तिथेच थांबता आलं असतं.

"पण मी दुसरं एक केलंय," मी म्हटलं, आणि सांगितलं. मराठीत सांगितलं, कारण इंग्रजीत सांगितलं असतं तर मी ऑफिसमधले शब्द वापरले असते. बसचं सांगितलं, बॅगेचं, ॲक्टरचं, दहा सेकंदांचं. तिने मधेच गाडी दोन रेघांच्या मध्ये घेतली, नीट थांबवली आणि बंद केली.

स्टीअरिंगवरचे हात तिने काढले नाहीत. मग म्हणाली, "मी पण होते त्याच्यात?"

"मुलगी आहे, एवढंच लिहिलं होतं."

"व्हॉट डिड यू मेक हिम से?"

"फाइन, फाइन. माझ्या टेस्ट आता कोण बघणार."

"ही वुडन्ट से दॅट," ती म्हणाली. "तो काहीच बोलत नाही, व्हेन इट्स रिअली बॅड. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मला जे दिसलं होतं ते सगळं वरवरचं होतं, आणि तेच मी लिहिलं होतं.

ती म्हणाली, "बाबाला तू सांग. मी नाही सांगणार." आणि गाडी पुन्हा सुरू करून तिने अजून तीन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, मागे टीव्हीचा आवाज येत होता. सगळं सांगून झालं तरी दादा बोलेनात. तिने सांगितलेलं आठवलं आणि मी घाबरले. मग ते म्हणाले, "ॲक्टर कसा होता?"

"चांगला होता."

"माझ्यासारखा जाड?"

"नाही. सडपातळ."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "मला विचारायचं होतंस न. मी येऊन बसलो असतो तिथं. लोकांना सराव झाला असता." ते हसले, पण त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही. त्यांनी फोन वहिनींना दिला. वहिनींनी लाउडस्पीकरवर ऐकलेलंच होतं.

"सांगितलंस ते बरं केलंस," वहिनी म्हणाल्या. "पण मला ते ऐकायचं नव्हतं." मग विचारलं, "पोरगी जेवते का नीट?"

त्यानंतर त्या थेट मुलीच्याच फोनवर बोलायच्या. मुलीच्या वागण्यात फरक पडला तो इतकाच, की ती आपली ताटली आपण धुऊन ठेवू लागली, पाहुणी ठेवते तशी. जूनमध्ये शाळा संपल्याच्या समारंभात ती झगा घालून स्टेजवर गेली तेव्हा मी आणि माझा नवरा पालकांच्या खुर्च्यांवर बसलो होतो. दादा-वहिनींना व्हिसाची मुलाखतच मिळाली नव्हती, त्यांनी सगळं फोनवर पाहिलं. ऑगस्टमध्ये आम्ही तिला दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात सोडून आलो. तिने माझ्या नवऱ्याला मिठी मारली, मलाही मारली.

त्या केसचा वापर थांबवावा, असा अर्ज मी ऑफिसात केला. फारशी चर्चा न होता तो मान्य झाला. एका नव्या सहकारी मुलीने दुसरा माणूस लिहिला आहे. मोजायची सूचना तशीच आहे. मी नोकरी सोडली नाही. सोडण्याचा विचार करायचे तेव्हा दादांची रांग आठवायची आणि मला तो विचार उधळेपणाचा वाटायचा. हे कारण खरं आहे की नुसतं बरं दिसणारं, ते मी ठरवू शकलेले नाही.

ऑक्टोबरमध्ये दादांचा फोन आला. पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखत होती, पंचवीस वर्षांत त्यांनी धड मुलाखत दिली नव्हती.

"तू मॅनेजर हो आणि मला विचार," ते म्हणाले. "तासभर सराव करू व्हिडिओवर. तुझं तर कामच आहे हे."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांच्यासमोर मॅनेजर होऊन बसायचं, त्यांनी उत्तरासाठी थांबायचं आणि मी वाट बघायची, हे चित्रच मला सहन होईना.

"दादा, मला नाही जमणार."

"ठीक, ठीक," ते म्हणाले.

शेवटी माझ्या नवऱ्याने तो सराव घेतला. शनिवारी सकाळी तो मागच्या खोलीत दार लोटून बसला. मी भाजी निवडत होते. नवरा घोगरा आवाज काढून काहीतरी विचारायचा, दादा लांबलचक उत्तर द्यायचे, मग दोघं हसायचे. एकदा नवरा म्हणाला, "असं नका सांगू, मोठ्याने सांगा, तुम्ही केलंय ते," आणि दादांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, मोठ्याने. दादांचे शब्द मला कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. दाराजवळ जाऊन ऐकावं असं वाटलं, पण गेले नाही.

नोकरी त्यांना मिळाली. आठवडाभर पुण्यात एका खोलीत राहतात, सुट्टीला अकोल्याला जातात. हे वहिनींनी कळवलं, नवऱ्याच्या फोनवर. त्याने मेसेज मला वाचून दाखवला. खाली आम्हा दोघांनाही आशीर्वाद लिहिले होते.